बातमीतली सहावी ओळ

१९५९ साली, पिठोरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी बारानंतर पनवेलच्या खाडीकाठी एका गावाचा खारबांध फुटला. भरतीचं खारं पाणी उभ्या भातात शिरलं. शुक्रवारी मुंबईच्या एका दैनिकात तिसऱ्या पानावर त्याची बातमी आली. आठ ओळी. त्या मी लिहिल्या होत्या. त्यातली सहावी ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या वृत्तसंपादकांनी मला बातमी लिहायला शिकवलं, त्यांनाही नाही. बातमीत 'मी' येत नाही, हा त्यांचा पहिला धडा होता — वार्ताहर दिसता कामा नये. त्या धड्याचा मला किती उपयोग झाला, ते पुढे येईलच.

आधी आजाराचं सांगतो. सबब म्हणून नाही — सबब होऊ शकत नाही, ते का, तेही येईल. पण तो वगळला तर बाकीचं समजणार नाही.

मुंबईत मी तीन वर्षं त्या दैनिकाच्या संपादकीय विभागात होतो. एका दुपारी आलेल्या तारांचं भाषांतर करत बसलो असताना छाती धडधडू लागली. बोटांना मुंग्या आल्या. समोरची अक्षरं लांब गेली. आणि आपण आता मरणार अशी खात्री झाली — शंका नव्हे, खात्री. मी खुर्ची लोटून जिना उतरलो आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पंधरा मिनिटांत सगळं शांत. डॉक्टरांनी हृदय तपासलं, काही निघालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ज्या जागी ते होई, ती जागा मी टाळू लागलो. आधी ते टेबल, मग तो जिना, मग सिनेमागृह, मग पूल. टाळलं की बरं वाटे. बरं वाटे म्हणून आणखी टाळलं. असं करता करता टाळायला मुंबईच उरली, तेव्हा मी पनवेलला घरी परत आलो. आईची तब्येत बरी नसते, असं सगळ्यांना सांगितलं. आई ठणठणीत होती.

पेपरने मला पनवेलचा वार्ताहर नेमलं. कामाची रीत अशी होती: बातमी लिहायची, लिफाफ्यात घालायची आणि दुपारी दोनच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायची. मुंबईच्या स्थानकावर पेपरचा शिपाई ती उतरवून घेई. दोनची गाडी चुकली की बातमी शिळी झाली. त्यामुळे बाहेरगावी जाऊन, पाहून, वेळेत परतणं जमत नाही — हे कारण मला फार सोयीचं होतं. पळस्प्याला ट्रक उलटला, कर्नाळ्याच्या खिंडीत बस घसरली, की मी स्थानकासमोरच्या रहीमभाईंच्या हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारी आणि लिही. 'घटनास्थळी समक्ष भेट दिली असता' अशी सुरुवात करी.

रहीमभाई गल्ल्यावरून म्हणायचे, "मास्तर, आज कुठं तशरीफ नेली होती? का अपघातच इथं चाय प्यायला आला?"

मी हसत असे. त्यांना काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं — दोन माणसं सोडून.

त्यातले एक आमचे डॉक्टर. लढाईच्या काळात ते फौजेत होते, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. धडधाकट शिपाई तोफ गप्प असताना थरथर कापतात, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तुम्हाला वेड लागलेलं नाही आणि तुमचं हृदयही ठीक आहे. समोर वाघ आला की शरीर पळायची तयारी करतं — छाती उडते, घाम येतो, हातपाय थरथरतात. तुमचं शरीर वाघ नसताना ती तयारी करतं. एवढंच."

त्या 'एवढंच'नं मला किती धीर आला, ते ज्याला हे झालं आहे त्यालाच कळेल.

उपाय त्यांनी सोपा सांगितला. करायला सोपा नव्हे. ती वेळ आली की जागा सोडायची नाही. श्वास आत घेतो त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडायचा. घड्याळ पाहायचं — किती वाजता सुरू झालं, किती वाजता ओसरलं — आणि लिहून ठेवायचं. ते चढतं तसं उतरतंच, हे आपल्याच हातच्या नोंदींवरून आपल्याला पटतं. आणि ज्या जागा टाळल्या, तिथं थोडं थोडं परत जायचं. आज दहा पावलं, उद्या वीस. "तुम्ही पळालात," ते म्हणाले, "की शरीराला वाटतं, वाघ खराच होता."

दुसरा माणूस राघो.

तो मला डॉक्टरांच्या ओसरीतल्या बाकावर भेटला. खाडीकाठच्या गावचा शेतकरी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. रुंद खांदे, पायांना खाऱ्या चिखलाच्या भेगा. त्याच्या गावाची शेती समुद्राच्या पातळीला आहे. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत बंद करायची. उघाडी सांभाळायचा मान एकाच घराकडे असे. राघोच्या बापाकडे होता, आता राघोकडे होता. गावात काही कार्य असलं की उघाडीवाल्याचं पान आधी मांडत.

या माणसालाही माझंच दुखणं होतं. पेणच्या बैलबाजारात पहिल्यांदा झालं, मग कुठेही. तो त्याला धडकी म्हणे. त्याची बायको जनी त्याला आधी भगताकडे घेऊन गेली होती.

"भगतानं दोन कोंबरे खाल्ले न् चिमूटभर अंगारा दिला," तिनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. "तुमी नुसती वही मागताव. तुमचं बरं हाय."

पण राघोला लिहिता येत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी मला विचारलं — तुमच्या वहीतच त्याचंही लिहाल का? मी हो म्हणालो. दर मंगळवारी जनी वांगी-मिरची घेऊन बाजारात बसे, तेव्हा राघो डॉक्टरांना भेटून रहीमभाईंच्या हॉटेलात येई. कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही दोघं बसू. वार्ताहराची लांबट वही. पानाच्या मध्यावर मी उभी रेघ मारली होती. डावीकडे राघो, उजवीकडे मी.

"लिवा, मास्तर." मी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं, पण कागद-पेन बाळगणारा त्याच्या लेखी मास्तरच. "शुक्रवारी सांजचे. जेवताना. भात सरला तवा गेली."

"भात सरला म्हणजे किती मिनिटं, राघो?"

"आता जनी वाहाडते किती, त्याच्यावं हाय ते."

तो माझ्यापेक्षा लवकर सुधारत होता. आषाढाच्या पानावर त्याच्या बाजूला अकरा नोंदी, श्रावणात तीन. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "मना पलायला जागाच नाय, मास्तर. उघारीवं असताना आली त कुटं जाऊ? पानी थांबंल काय माज्यासाटी?" त्याचं कामच त्याचा उपाय झालं होतं. मला मात्र पळायला जागा होती. मी वार्ताहर होतो — कुठे जायचं न जायचं, हे माझं मी ठरवत होतो.

आता फळीची गोष्ट.

नारळी पौर्णिमेच्या उधाणात उघाडीची खालची फळी हलली. राघोनं मामलेदार कचेरीत जाऊन अर्ज लिहून घेतला, अंगठा उमटवला. कुणी आलं नाही. मंगळवारी तो माझ्यासमोर बसला तेव्हा धडकीच्या नोंदी सांगायच्या आधी त्यानं ते सांगितलं. अमावास्येला पुन्हा उधाण येणार. तोवर फळी बदलली नाही तर भात गेलं.

"पेपरात दोन वली आल्या त सायेब हालंल. तुमी या न् डोल्यांनी बगा."

मी म्हणालो, "मी पाहिल्याशिवाय छापत नाही, राघो. येतो आणि बघतो."

पाहिल्याशिवाय छापत नाही! रोज छापत होतो. त्याच टेबलाशी बसून.

न जाण्याचं कारण तो बांध. गाव संपतं तिथं एक भेंडीचं झाड आहे. तिथून उघाडीपर्यंत अर्धा मैल बांधावरून चालायचं — दीड हात रुंद वाट, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली खाचरं. मध्ये धडकी आली तर ना पुढे पळता येणार, ना मागे. डॉक्टरांना मी हे सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, हीच तुमची जागा. राघो तुमच्या सोबत असेल. रोज थोडं चाला.

मी एकदाही गेलो नाही. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा — कसं सांगू? — मी म्हणालो, "गेलो होतो. उघाडीपर्यंत जाऊन आलो."

राघो शेजारीच बसला होता.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "बघ राघो, मास्तर जाऊन आले. जमतं की नाही?"

राघोनं माझ्याकडे पाहिलं नाही. "जमतं डागदरसाब," तो म्हणाला. "जमतं."

खाली उतरल्यावर तो मोठ्यानं हसला. "मास्तर, माज्या बांधावरशी कवा गेलाव? मना त बगले बी बोलले नाय." मला वाटलं होतं, तो रागावेल. त्यानं फक्त माझ्या पाठीवर थाप मारली. "मना बी पयलं असंच जालं. जनीला खोटं सांगायचू. या तुमी. मी धरून नेतू."

अमावास्येच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी त्याला नक्की सांगितलं: उद्या येतो. पाहतो, दोनच्या गाडीनं बातमी पाठवतो. परवाच्या अंकात येईल. बुधवारी मी घराबाहेर पडलो नाही. बैलांची पूजा होती, गल्लीत वाजंत्री होती. मी खिडकी लावून घेतली आणि अंग गरम आहे असं आईला सांगितलं.

गुरुवारचा क्रम मला घड्याळासह सांगता येतो.

पाऊण वाजता मी रहीमभाईंच्या हॉटेलात होतो. राघोच्या गावचा एक तरुण सायकलवरून आला. तो कचेरीत कळवायला निघाला होता. हॉटेलाशी थांबून पाणी प्यायला. "बांध गेला," तो म्हणाला. "उघारीची फली फुटली. राघो पलत आला गावात, बोंबलत. सगली मानसं तिकरंच गेली हायत."

"पळत आला?"

"पलतच येल नाय त काय! मानसं नको काय बोलवायला?"

हे शब्द मी ऐकले. नीट ऐकले. त्यांचा अर्थ मला पूर्ण कळला होता, ही नोंद इथं करून ठेवतो.

रहीमभाई म्हणाले, "मास्तर, आता तर जा! या खुदा, इतक्या लोकांचं धान गेलं."

मी सायकल काढली. खरंच काढली. सव्वा वाजता भेंडीच्या झाडाखाली पोचलो. समोर बांध दिसत होता. दूरवर माणसं पाण्यात छातीभर उभी होती. कुणी पेंढ्याचे भारे टाकत होतं, कुणी मातीच्या पाट्या. बांधाच्या आत जिथं हिरवं असायला हवं, तिथं सगळं एकसारखं गढूळ होतं. मी बांधावर पाय ठेवला. दहा पावलं टाकली असतील. मग छाती उडू लागली, बोटं बधिर झाली, माणसं लांब गेली. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. श्वास बाहेर. घड्याळ. जागा सोडू नका. मी जागा सोडली. मागे पळालो. सायकल उभी करताना झाडाला टेकवली होती, ती धक्क्यानं आडवी पडली आणि दिव्याची काच फुटली. तुकडे तिथंच टाकून मी निघालो.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी मी पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी होतो. गाडीला पंचवीस मिनिटं.

पाच ओळी सरळ होत्या. कुठे, केव्हा, किती शेतात पाणी. मग मी थांबलो. बांध फुटला कशामुळे? फळी मोडकी होती. कुणाला माहीत होतं? कचेरीला — आणि मला. पंधरा दिवस मला माहीत होतं. उद्या चौकशी झाली, राघो बोलला, तर? वार्ताहराला सांगितलं होतं, तो दोनदा येतो म्हणाला, आला नाही. का आला नाही? मग सगळंच बाहेर येणार होतं — 'समक्ष भेट दिली असता', आईची तब्येत, सगळं.

वही टेबलावर होती. डावीकडे राघो, उजवीकडे मी.

सहावी ओळ मी अशी लिहिली: 'उघाडीवरील रखवालदार राघो यास गेली दोन वर्षे भीतीचे झटके येत असून, ऐन भरतीच्या वेळी तो जागा सोडून पळून गेल्याचे समजते.'

पळालो मी होतो. वीस मिनिटांपूर्वी. त्या धडकीची वेळ, जागा, हातांची बधिरता, सगळं मला ताजं होतं. मी माझी धडकी त्याच्या नावावर छापली. ज्या माणसानं माझं खोटं माझ्यादेखत झाकलं होतं, त्याचं खरं — जे त्यानं फक्त मला आणि डॉक्टरांना सांगितलं होतं — ते मी मोडूनतोडून चव्हाट्यावर मांडलं. आणि शेवटी 'समजते' असं लिहिलं. आमच्या धंद्यात हा शब्द रोज वापरतात. कुणाला समजलं, कुणाकडून समजलं, हे तो विचारू देत नाही.

आजारानं हे करवलं का? नाही. राघोलाही तोच आजार होता.

लिफाफा मी कंडक्टरला दिला. रहीमभाईंनी विचारलं, "पाहून आलात?" मी मान हलवली. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

बातमी गणपतीच्या तोंडावर आली. सणाला मुंबईत कामाला असलेले लोक गावी परतले होते, तेच अंक घेऊन आले. मखरापुढे माणसं जमली असताना तो मोठ्यानं वाचला गेला, असं मला नंतर कळलं. राघोला भगताकडे नेलं होतं हे गावाला ठाऊक होतं. का नेलं होतं, ते नव्हतं. आता छापून आलं होतं. तो हाका मारत आला, परत जाऊन पाण्यात उतरला, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं तेही गप्प बसले. भात गेलेलं होतं, आणि कुणाचा तरी दोष असायला हवा होता. दीड दिवसाचे गणपती पोचवल्यावर कचेरीतला एक अधिकारी चौकशीला आला. त्याच्या हातात माझ्या बातमीचं कात्रण होतं. राघोनं मोडक्या फळीच्या अर्जाचं सांगितलं. असा अर्ज मिळाल्याची नोंद नाही, असं उत्तर मिळालं. त्या बैठकीतच उघाडी दुसऱ्या घराला दिली गेली.

त्यानं तिथं माझं नाव घेतलं का? मी गावातल्या तिघांना वेगवेगळ्या वेळी, सहज विचारल्यासारखं विचारलं. नाही. फळीचं मला सांगितलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. माझ्या धडकीचं तर नाहीच. एक शब्द पुरला असता — झटके मास्तरलाबी येतात, त्यांची वही बघा. तो बोलला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, नेहमीच्या वेळी, तो हॉटेलात आला.

मी त्याची वाट पाहत नव्हतो. तो येणार नाही, असं धरून चाललो होतो. तो समोर बसला. अंगात तोच सदरा, धुतलेला. जनी बाहेर उभी होती, टोपली डोक्यावरून उतरवलीच नव्हती. एरवी ती दारातून काहीतरी टोमणा मारायची. त्या दिवशी ती रस्त्याकडे तोंड करून होती.

"वही हाय?" राघोनं विचारलं.

मी वही काढली. रेघ मारलेलं पान उघडलं.

"लिवा. अमाशेचा दुसरा दिस." तो सावकाश सांगत होता, मला उतरवून घेता यावं म्हणून, नेहमीसारखंच. "पानी चरत व्हतं. बाराला फली वाजली. मी पेंडा कोंबला, वर मानूस नाय, एकलाच. दुसऱ्यांदा वाजली तवा मी गावात गेलू. अकरा मानसं आनली. परत गेलू. सांजेपातूर पान्यात व्हतू." तो थांबला. "येवडं नका लिवू. येवडं तुमच्या कामाचं नाय. वेल लिवा न् फुरं लिवा — नाय आली."

"धडकी?"

"नाय आली. त्या दिशी नाय आली. दोन वरसांत मना वाटायचं, असं काय जालं त मी मरंन. आन जालं तवा आलीच नाय." त्याच्या बोलण्यात नवल होतं. मला वाटतं, हे तो दुसऱ्या कुणाला सांगू शकत नव्हता. कुणाला कळलं असतं?

मी लिहिलं.

"वाचून दाकवा."

मी वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली. मग पानाच्या दुसऱ्या बाजूवर, उभ्या रेघेच्या उजवीकडे, बोट ठेवलं. वाचता येत नसलं तरी कुठली बाजू कुणाची, हे त्याला माहीत होतं.

"आन तुमची? त्या दिशी?"

मी विचार केला, असं म्हणता येणार नाही. मी म्हणालो, "नाही. मला काही झालं नाही."

"मंग तसं लिवा."

मी तसं लिहिलं. तो बघत होता. शाई वाळेपर्यंत तो बसून राहिला. रहीमभाईंनी चहा आणून ठेवला, तो त्यानं प्यायला नाही. उठून दारापर्यंत गेला आणि वळला.

"मास्तर, भेंडीखाली काच परली व्हती. सायकलच्या दिव्याची. मी येचली. पोरं अनवानी जातात तिथशी."

मग तो जनीबरोबर निघून गेला.

त्यानंतरचं थोडक्यात. मी डॉक्टरांकडे पुन्हा गेलो नाही. त्यांनीही निरोप पाठवला नाही. त्यांचा उपाय मात्र खरा होता. मी तो एकट्यानं, फार उशिरा केला. आज दहा पावलं, उद्या वीस. १९६२च्या हिवाळ्यात मी तो बांध उघाडीपर्यंत चाललो. मध्ये धडकी आली, मी उभा राहिलो, श्वास बाहेर सोडला, सात मिनिटांत ती गेली. उघाडीवर दुसराच माणूस होता. त्यानं मला ओळखलं नाही. राघो आणि जनी त्याआधीच गाव सोडून उरणच्या बाजूला मिठागरावर कामाला गेले होते. कुठल्या, ते गावात कुणी नक्की सांगितलं नाही. मी एकदाही उरणला गेलो नाही. बातमीची दुरुस्ती छापून आली नाही. मी ती पाठवली नव्हती.

वही माझ्याकडे आहे. राघोची तिच्यातली शेवटची नोंद त्या मंगळवारची, तारीख बांध फुटला त्या गुरुवारची. मध्ये उभी रेघ. डावीकडे लिहिलं आहे: 'राघो. दुपारी बारा. धडकी नाही.' उजवीकडे, त्याच शाईत: 'मी. धडकी नाही.'